घरचा गोली

आमच्या पाड्यानं एका वर्षी बाहेरून गोली आणला. पैसे देऊन. चांगले मोठे पैसे. त्याचा उपयोग झाला की पैसे पाण्यात गेले, यावर लोक अजून भांडतात. जीपमध्ये बसले की तोच विषय, मयताला जमले तरी तोच विषय. माझं मत कुणी विचारलं नाही. पण त्या माणसाला महिनाभर मी जेवायला घातलं, आणि ज्याच्या जागेवर तो उभा राहिला तो माझा धाकटा मुलगा. तेव्हा या बाबतीत मला दोन शब्द बोलायचा हक्क आहे.

आधी एक सांगून टाकते. गोली म्हणजे हॉकीचा, गोल अडवणारा. सूर्यमाळच्या अंगाला डोंगरावर आमचा पाडा, उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, आणि पोरं हॉकी खेळतात, हे ऐकून मोखाड्याच्या बाजारात लोक हसतात. हसू द्या. मी एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला होते. तिथे खेळाचे एक मास्तर बदली होऊन आले. त्यांना हॉकीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. कुठून तरी जुन्या काठ्या गोणीत भरून आणल्या आणि पोरांच्या हातात दिल्या. मास्तर पुढे बदली होऊन गेले. काठ्या राहिल्या. शाळा सुटलेली पोरं माळावरचे दगड वेचून खेळू लागली. मग आणखी पाड्यांचे संघ झाले, जव्हारच्या बाजूला झाले, आणि जव्हारला दर वर्षी सामने भरू लागले. एवढीच गोष्ट आहे, तिच्यात नवल काही नाही.

धाकटा गोली झाला, कारण दुसऱ्या कुणाला व्हायचं नव्हतं. चेंडू दगडासारखा टणक. पुढे पळणाऱ्याला शिट्ट्या मिळतात, गोलीला मार मिळतो. पहिल्या वर्षी त्याच्या नडग्या वांग्यासारख्या झाल्या. मी शिव्या घातल्या आणि पॅड शिवायला बसले. आश्रमशाळेच्या गाद्या फाटल्या की टाकून देत, त्यातला फोम मी उचलून आणला. त्याच्यावर गोधडीचे पदर घातले आणि दाभणानं सुतळी ओवून शिवले. वरचं कापड माझ्या जुन्या लुगड्याचं. किनार कापायची राहिली, ती तशीच राहिली, लाल आणि तिच्यात पिवळी रेघ. दुसऱ्या गावची पोरं त्याला "लुगडं" म्हणायची. "ए लुगडं, संभाळ!" असं ओरडून चेंडू मारायची. तो अडवायचा. सगळेच नाही. पण अडवायचा.

त्याचं तोंड मात्र वाईट होतं. त्याच्या पुढे दोन बॅक उभे असत, त्यांना तो सामनाभर शिव्या द्यायचा. "अरे, झोपलास काय? तुझा सासरा येणार आहे काय अडवायला?" मी बांधावर बसलेली असे, मला तिथपर्यंत ऐकू यायचं. बॅक चिडायचे, पण शिव्या ऐकून जागे राहायचे. अंगावर चेंडू घ्यायचे.

मला हॉकीचं कौतुक नव्हतं. माझं काम वेगळ्याच गोष्टीशी होतं. भात निघालं, नागली, म्हणजे तुमची नाचणी, घरात आली की आमच्याकडचा माणूस कामाला खाली उतरतो. ठाणं, भिवंडी, जिकडे मिळेल तिकडे. परततो तो पावसाच्या तोंडावर. सामने भरतात ते नेमके त्याच महिन्यांत. हॉकी खेळायची म्हणून धाकटा कधी खाली गेला नाही. इथेच रस्त्याच्या कामावर जायचा, आणि उन्हाळा लागला की मोटारसायकलला दोन्ही अंगांनी कॅन बांधून खालच्या विहिरीवरून पाणी आणायचा. थोरला तर केव्हाच ठाण्याला राहायला गेला, तो काही पाणी आणणार नव्हता. मला धाकटा घरात हवा होता तो पाण्यासाठी. माया वगैरे जे काय असेल ते असेल. ज्या बाईनं एप्रिलमध्ये तो चढ डोक्यावर हंडा घेऊन चढलेला आहे, तिला मी काय म्हणते ते कळेल.

तर एका वर्षी आमचा संघ अंतिम सामन्याच्या अलीकडेच हरला. मोखाड्याचा एक ठेकेदार तो सामना बघायला आला होता. रस्त्याची कामं घेणारा माणूस. त्याला आपलं नाव कशाला तरी लावायचं होतं. त्यानं पाड्यावर येऊन सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "तुमचं सगळं ठीक आहे. गोली कच्चा आहे. आजकाल कुणीही बघा, सगळा पैसा गोलीवर घालतात. मागे भिंत उभी केली की काम झालं. अर्धे मी देतो, अर्धे तुम्ही काढा."

कप्तान माझ्या दिराचा मुलगा. तो म्हणाला, "अर्धे म्हणजे किती?"

ठेकेदारानं आकडा सांगितला. मी आश्रमशाळेत वर्षभर चुलीपुढे बसून जे मिळवायचे त्याहून तो मोठा होता, आणि तो नुसता अर्धा होता.

एक म्हातारा म्हणाला, "एवढ्यात तर बैलजोडी येईल."

"बैल गोल अडवतो काय, बाबा?" कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळे हसले. हसण्यात ते ठरून गेलं. आमच्याकडच्या बैठका अशाच होतात. एक जण हसवतो आणि बाकीचे कबूल होतात.

धाकटा तिथेच उकिडवा बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. शेवटी कप्तानच म्हणाला, "तू काही वाईट वाटून घेऊ नको रे. तू घरचाच आहेस."

"मी कुठे काय म्हटलं," धाकटा म्हणाला.

घरटी वर्गणी काढली. ज्यांच्याकडे रोख नव्हती त्यांनी वरई विकली. माझ्याकडेही आले. मी म्हटलं, "माझ्या पोराला उठवायला माझ्याकडूनच पैसे मागता?" तर म्हणे, "काकी, पाड्याचं काम आहे." मी दिले. पाड्यात राहायचं तर द्यावे लागतात.

तो आला तो संक्रांतीच्या सुमाराला. उंच, चाळिशीकडे झुकलेला, एका गुडघ्याला कायम पट्टी. मोठमोठ्या संघांतून खेळला होता म्हणे, मुंबईत राहायचा, मूळचा कुठला ते मी विचारलं नाही. त्याची पिशवी माझ्या सुनेएवढी. चाकं लावलेली. आमच्या पाड्यात ती चाकं चालणार कुठे? धाकट्यानंच ती डोक्यावर घेतली.

आमच्याकडे पाड्याचा पाहुणा घरोघर पाळीनं जेवतो. आज या घरी, उद्या त्या घरी. मास्तर असो, सर्वेवाला असो, असंच चालत आलेलं आहे. पहिल्या दिवशी ज्या घरी पाळी होती तिथे त्याला नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी वाढली. तो भाकरीकडे बघून म्हणाला, "ये काला काला क्या है?" त्या बाईला हिंदी कळली नाही, पण तोंड कळलं. दुसऱ्या दिवशीच्या घरी पण तसंच. मग कप्तान माझ्या दारात उभा.

"काकी, तुला चपात्या येतात ना?"

"शाळेतल्या गोण्याच्या गोण्या कणकेच्या चपात्या केल्या आहेत मी. का?"

"पाव्हण्याचं जेवण तुझ्याकडं ठेवू या. पीठ, अंडी, तेल आम्ही आणून टाकतो."

"त्याच्या जागेवर कोण होता, आठवतं ना तुला?"

"काकी, आता तू पण..."

सून म्हणाली, करू या आत्याबाई, कणीक तर शिल्लक राहील. सून शहाणी आहे. त्यामुळे तो माझ्या घरी जेवू लागला. माझ्या ओटीवर झोपू लागला. आणि मी माझ्या मुलाच्या जागेवर बसलेल्या माणसाला रोज अंडी उकडून घालू लागले.

आता खरं सांगते. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला बरं पडलं असतं. स्वतःचं ताट स्वतः विसळायचा. मला "माँजी" म्हणायचा, ते मात्र मला सहन व्हायचं नाही. मी म्हटलं, "माझी सून पण मला माँजी म्हणत नाही. काकी म्हण." मग काकी म्हणू लागला. आणि गोली म्हणून तो काय होता ते मी पहिल्याच दिवशी माळावर बघितलं. पाच पोरं आळीपाळीनं मारत होती, आणि चेंडू जणू त्याच्याकडेच यायला निघाल्यासारखा येत होता. तो पळायचा नाही, ओरडायचा नाही. नुसता तिथे असायचा. धाकटा गोलच्या मागे उभा राहून बघत होता. त्याचं तोंड उघडं होतं.

सकाळी सकाळी तो धाकट्याला शिकवायचा. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. कुठल्या पायावर भार ठेवायचा, हात कुठे ठेवायचा. एकदा त्यानं माझे पॅड हातात घेऊन बघितले, दाबून बघितले. हसेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "किसने बनाया?" मी म्हटलं, मी. "मजबूत है," म्हणाला आणि खाली ठेवले.

एके दिवशी दुपारी तो जेवत होता, धाकटा दारात काठीला पट्टी गुंडाळत बसला होता. मी त्याला सरळ विचारलं, "एवढे पैसे कशाचे घेतोस रे तू?"

त्यानं घास चावून संपवला. त्याची मराठी मुंबईची होती, अर्धी हिंदी. म्हणाला, "काकी, पुढचा चुकला तर त्याच्या मागे कोणीतरी असतो. गोली चुकला तर मागे जाळी. चुकला की सगळ्यांना दिसतं, आणि वर्षभर दिसत राहतं. मी त्याचे पैसे घेतो."

"म्हणजे लोकांच्या शिव्या खायचे."

"तेच समजा."

"मग माझा मुलगा इतकी वर्षं तुझ्यासारखाच उभा होता तो फुकट."

त्यानं धाकट्याकडे बघितलं. मग म्हणाला, "उसको मांगना चाहिए था. त्यानं मागायला पाहिजे होतं."

धाकट्यानं मान वर केली नाही. पट्टी गुंडाळत राहिला. पण त्यानं ऐकलं. मी आई आहे, मला कळतं त्यानं काय ऐकलं आणि काय नाही.

सामने सुरू झाले आणि संघ जिंकू लागला. मोखाड्यात लोक आमच्या जीपकडे वळून बघू लागले. ठेकेदार हार घेऊन आला. म्हणजे उपयोग झाला की नाही, असं विचाराल तर झाला. जे अडवायचं ते त्यानं अडवलं. मी आंधळी नाही.

पण मला दुसरंही दिसत होतं, कारण बांधावर बसून मला चेंडूमागे पळायचं नव्हतं. आमचे दोन्ही बॅक ढिले पडले. पूर्वी चेंडू आला की दोघं अंगावर घ्यायचे. आता कमरेवर हात ठेवून बघत राहायचे, जत्रेत खेळ बघावा तसे. मागे भिंत आहे ना. भिंतीचे पैसे दिलेत ना. मग आपण कशाला नडगी फोडून घ्यायची? एकदा तो गोली मागून ओरडला, "डिफेन्स कहाँ है? मी एकटा आहे काय इथे?" बॅक हसला. म्हणाला, "तुम्ही आहात की, साहेब!" धाकट्यानं शिवी दिली असती. पाहुण्याला यांना शिव्या देता येत नव्हत्या, आणि दिल्या असत्या तरी हिंदीत कोण मनावर घेतो?

त्याच बॅकला मी पाणवठ्यावर गाठून म्हटलं, "तू उभा कशाला राहतोस रे खांबासारखा?" तो म्हणाला, "काकी, तुझ्या पोराचं गेलं म्हणून तुला टोचतं." मी हंडा उचलला. बोलणारी कुणाची आई आहे एवढंच लोक ऐकतात.

अंतिम सामना जव्हारला होता. जीप भरताना गोलीची पिशवी टपावर मावेना. ती बांधली तेव्हा धाकट्याचे पॅड खाली राहिले. तो म्हणाला, "एवढे पण टाका." ड्रायव्हर म्हणाला, "जागा कुठाय? दोन गोलींचं सामान कशाला नेतोस, खेळणार एकच." कप्ताननं पण सांगितलं, "राहू दे रे, लागत नाहीत." धाकट्यानं पॅड ओटीवर ठेवले. मी जीपमध्ये मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन बसले होते. मला हात पुढे करून ते मांडीवर घेता आले असते असं कुणी म्हणेल. त्या जीपमध्ये माझ्या मांडीवर गाठोडं, गाठोड्यावर कुणाची तरी पोर, आणि पोरीच्या हातात कोंबडी होती. तेव्हा तसं कुणी म्हणू नये.

गर्दी मोठी होती. पहिला अर्धा वेळ समोरच्यांनी नुसता मारा केला आणि त्या एकट्यानं तो अडवला. लोकांनी डोक्यावर घेतलं त्याला. आमचा एक गोल झाला. मग त्यांचा एक पोरगा उजवीकडून एकटाच सुटला. आमचा बॅक त्याच्या बाजूनं पळाला, पण आडवा गेला नाही. गोली पुढे आला, पोरावर पडला, चेंडू बाहेर गेला, आणि तो उठला नाही. तोच पट्टीचा गुडघा.

त्याला उचलून बाहेर आणलं. मग सगळ्यांना एकदम धाकट्याची आठवण झाली. इतका वेळ पाण्याच्या बाटल्या देत होता तो. कप्तान ओरडला, "चल, चल, लवकर पॅड घाल!"

"कुठले पॅड?" धाकटा म्हणाला.

कप्तानाचं तोंड त्या वेळी बघण्यासारखं होतं. पण बघायला वेळ नव्हता. पाहुण्यानं जमिनीवर पडल्या पडल्याच आपले पॅड सोडवले आणि धाकट्याच्या पायाला स्वतः बांधले. दुखण्यानं त्याचे दात एकमेकांवर घासत होते आणि हात चालू होते. तो धाकट्यापेक्षा हातभर उंच. ते पॅड धाकट्याला मांडीपर्यंत आले. छातीचं कवच पोटावर लोंबत होतं. डोक्यावरचा पिंजरा डोळ्यांवर येत होता, धाकटा तो सारखा वर ढकलत होता. दुसऱ्याच्या लग्नातला कोट घातल्यासारखा दिसत होता. समोरच्या गावाची पोरं ओरडली, "ए, लुगडं कुठे गेलं?"

तरीही त्यानं दोन अडवले. शिव्या द्यायलाही लागला होता, बॅक जरा हलायला लागले होते. मग एक गेला. मग अगदी शेवटी दुसरा. तो जमिनीवरून सरपटत आलेला होता, जोर नव्हता त्याला. धाकटा खाली झुकला, पॅडची वरची कड त्याच्या पोटात अडली, आणि चेंडू पायांमधून गेला. आम्ही हरलो.

 परतीच्या वाटेवर जीपमध्ये मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "पैसे दिलेला तो पैसे दिलेला. लुगडं ते लुगडंच." हे आमच्या पाड्याचं पोर होतं. बाहेरचं नव्हे. पाहुणा पुढे पाय लांब करून बसला होता, तो म्हणाला, "पहले दो बैक कहाँ थे, वो बोलो." जीपचा आवाज मोठा होता. ऐकू आलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

घरी आल्यावर धाकटा पाय धुऊन ओटीवर बसला. ते पॅड तिथेच होते, सकाळी ठेवलेले. मी म्हटलं, "शेवटचा अडवण्यासारखा होता."

"होता," तो म्हणाला.

त्यानं कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कारण मला दिसलं होतं. पण गोल गेला तो गेला. मी त्याला खोटं सांगून गोंजारलं नाही, त्याला गोंजारलेलं आवडतही नाही.

पाहुण्याला त्याचे सगळे पैसे मिळाले. मिळायलाच पाहिजेत. ठरलं होतं, आणि त्यानं त्यापायी गुडघा घालवला होता. जाताना त्यानं माझ्या हातात जेवणाचे म्हणून पैसे ठेवले. मी घेतले. का घेऊ नये? त्यावरून पाड्यात बोंब झाली, की पाहुण्याकडून अन्नाचे पैसे घेतले हिनं, पाड्याची अब्रू घालवली. पाड्यानं ज्याला घरटी वर्गणी काढून आणला तो पाहुणा कसा, ते मला कुणी समजावून सांगितलं नाही.

आणि पराभव कुणाच्या नावावर टाकला? पाहुण्याच्या नव्हे, तो तर बिचारा जखमी. बॅकच्याही नव्हे. ठेकेदाराच्या तर अजिबात नाही. लोक म्हणू लागले, "तो असता तर जिंकलो असतो." म्हणजे धाकट्यानं घालवला. बाजारात म्हणाले, रस्त्याच्या कामावर म्हणाले, त्याच्या पोरीला अंगणवाडीत कुणीतरी म्हणालं. पोरगी घरी येऊन विचारते, "बाबानं काय हरवलं?"

होळी झाली आणि धाकटा भिवंडीला गेला. गोदामात माल चढवायचं काम. मोटारसायकल विकून गेला. दोन महिन्यांनी सून आणि पोरगीपण गेली, तिकडे खोली मिळाली म्हणून. मी अडवलं नाही. अडवून मी काय देणार होते? मला चल म्हणाले. चुलीपासून हात लांब केला की भिंतीला लागेल अशी ती खोली, तिथे मी काय करू?

मग उन्हाळ्यात पाणी मीच आणायला लागले. खालची विहीर आटली की त्याच्याही खालचा झरा. वाटीनं भरायचं. माझ्या वयाच्या बायकांची नातवंडं आणतात. मी दोन खेपा करते, आणि चढावर जांभळीखाली बसते. जाणारे येणारे म्हणतात, "बसलीस काय काकी?" मी म्हणते, "नाही रे, नाचते आहे."

पुढचं वर्ष फिरून आलं. सामन्यांच्या आधी मी खळ्यावर नागली झोडपत होते, तर कप्तान आणि दोन-तीन जण आले. त्यात तो बॅकही होता. येऊन बसले. मी झोडपणं थांबवलं नाही.

"काकी, ठेकेदार नाही म्हणतो या वर्षी," कप्तान म्हणाला. "आणि तो गोली साखरशेतकडच्या संघानं उचलला. गुडघा बरा झाला म्हणे. त्यांनी जास्त दिले."

"देणारच. चांगला आहे तो."

"आमच्याकडे गोली नाही."

"मग?"

"तू जरा फोन लाव ना तुझ्या पोराला. आमचा उचलत नाही."

मी फोन लावला. माझा उचलतो. कप्ताननं हातातून घेऊन आवाज मोठा केला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. पलीकडे गोदामाचा गोंगाट होता.

"काय रे, विसरलास काय आम्हाला?" कप्तान लाडीगोडीनं म्हणाला. "ये की खेळायला. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"पंधरा दिवसांची मजुरी बुडेल," धाकटा म्हणाला. "काम राहणार नाही."

"अरे, पाड्यासाठी..."

"त्याला किती दिले होते?"

कप्ताननं आमच्याकडे बघितलं. "कुणाला?"

"तुला माहीत आहे कुणाला."

"ते... ते ठेकेदाराचे होते."

"अर्धे. बाकीचे अर्धे पाड्याचे. माझ्या आईनं पण दिले होते. तेवढे पाड्याचे अर्धे मला द्या. मी येतो."

खळ्यावर सगळे हसले. त्यांना वाटलं, थट्टा चालली आहे. पलीकडून हसणं आलं नाही तेव्हा ते एकेक करून थांबले.

"वेडा झालास काय?" कप्तान म्हणाला. "घरच्या माणसाला कोण पैसे देतं? तू घरचा आहेस."

"हो ना," धाकटा म्हणाला. "म्हणून तर विचारतो. आई, पाणी आहे का गं?"

"आहे," मी म्हटलं.

फोन बंद झाला. बॅक जमिनीकडे बघून म्हणाला, "शहरात गेला की माणूस पैशाचा होतो." मी हातातलं लाकूड खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघितलं. तो मागे सरकला. शहाणपणा केला, कारण मी ते लाकूड परत उचलणार होते.

 जायला उठावं की बसावं ते त्यांना कळेना. शेवटी कप्तान म्हणाला, "बरं, तो नाही येत तर नाही. कुणाला तरी उभं करतो आम्ही. निदान ते पॅड तरी दे, काकी. पाहुण्यानं पण मजबूत आहेत म्हटलं होतं."

"ते काय तिथे आहेत. घे," मी म्हटलं.

तो ओटीवर गेला. इकडेतिकडे बघितलं. तिथे हंडा होता, हंड्यावर चुंबळ ठेवलेली, आणि दाराशी बसायचं एक आसन होतं.

"कुठे आहेत?"

"तुझ्या पुढ्यात."

त्यानं चुंबळ उचलली. नुसत्या फडक्याच्या चुंबळीनं माझं डोकं दुखायला लागलं होतं. फोमची चांगली होते. कापून, गोल करून, वरून पुन्हा शिवली आहे मी. कप्ताननं ती उलटीपालटी करून बघितली, दाबून बघितली. लाल किनार आणि तिच्यातली पिवळी रेघ त्यानं ओळखली असावी, कारण तो आसनाकडे बघून काही विचारायला गेला आणि राहिला.

"ठेव ती जागेवर," मी म्हटलं. "मला खाली पाण्याला जायचं आहे."